कापलेल्या नऊ पुंगळ्या

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही, आणि मी आजवर प्रॅक्टिकलच्या वह्या, रजेचे अर्ज आणि एक प्रोजेक्ट अहवाल एवढंच लिहिलं आहे. शिवाय जे घडलं त्यात मोठी चूक माझीच आहे. चूक करणाऱ्याने वर तोंड करून लिहावं का, हेही मला नीट कळत नाही. पण गेले काही महिने जो राग आत साचला आहे तो बोलून जात नाही. बोलायला लागलो की मी अडखळतो, समोरचा हसतो आणि राग आणखी वाढतो. म्हणून लिहितो आहे. कुठे चुकलं तर सांभाळून घ्यावं.

आमचं गाव डोणगाव-मेहकर रस्त्यापासून थोडं आत आहे. शेत जंगलाच्या उताराला लागून. जंगलातून रोही, म्हणजे नीलगाई, येतात, रानडुकरं येतात, आणि दिवसाढवळ्या वानरांची टोळी येते. गावात एकच बंदूक आहे, ती आमच्या घरी. आज्याच्या वेळची एकनळी, बारा बोअरची. पीकसंरक्षणाचा परवाना आज्यानंतर बाबांच्या नावावर झाला. बाबांनी त्या बंदुकीने कधी काही मारलं नाही. आमच्या घराला स्लॅब आहे, त्यावर उभं राहायचं आणि हवेत एक बार काढायचा. आवाजाने जनावर पळतं. आजूबाजूच्या शेतांतूनही बोलावणं येतं, आणि बाबा जातात.

काडतूस उडालं की मागे जे रिकामं नळकांडं उरतं त्याला आम्ही पुंगळी म्हणतो. आताच्या पुंगळ्या प्लॅस्टिकच्या असतात, बुडाला तेवढी धातूची टोपी. आमच्या दुकानदाराचा रिवाज असा की नवं काडतूस हवं तर जुनी पुंगळी आणून द्यायची. जितक्या पुंगळ्या, तितकी नवी काडतुसं. हिशेब बरोबर राहिला की परवान्याच्या नूतनीकरणाला कोणी हरकत घेत नाही. त्यामुळे बार काढला की बाबा आधी रोही पळाली का ते पाहत नाहीत, पुंगळी कुठे पडली ते पाहतात. बंदूक उघडली की पुंगळी टणकन मागे उडते, आणि खाली सोयाबीन गुडघ्याएवढं असेल तर सापडता सापडत नाही. मग आम्ही सगळे ओळीने वाकून शोधायचो.

"बंदूक तुमची अन् कंबर माही मोडते," माय म्हणायची.

"बोलू नको, पाह्य."

"बाबा, पुंगळीले घुंगरू बांधत जा ना," माझी लहान बहीण म्हणायची. "उडाली की वाजंल तरी."

एकदा पुंगळी सापडली ती शेळीच्या तोंडात. प्लॅस्टिकचा चोथा झाला होता, बूड तेवढं शाबूत. बाबा ती तशीच दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने दातांचे वळ पाहिले, पोट धरून हसला आणि जमा करून घेतली. ही शेळीची गोष्ट लक्षात ठेवावी अशी विनंती आहे. माझी चूक तिथून सुरू झाली.

देवघराच्या कोनाड्यात आज्याच्या तीन पुंगळ्या अजून आहेत. त्या अख्ख्या पितळेच्या. दसऱ्याला माय त्या चिंच आणि राख लावून घासते, बंदुकीशेजारी पाटावर ठेवते, झेंडूचं फूल वाहते. लहानपणी मला वाटायचं ते देवच आहेत. बाबा सांगतात, आज्याच्या काळी हीच पुंगळी पुन्हा पुन्हा वापरात असायची. तोंड थोडं लांबट झालंय, अंगावर पोचे आहेत, पण हातात घेतली की वाटतं अजून चालेल. आणि आताची प्लॅस्टिकची एकदा उडाली की तोंडाशी चिरते, उन्हात राहिली तर बोटाने मोडते. मग तिचं एकच काम उरतं, मोजून परत देणं. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षात आलो तेव्हा माझ्या डोक्यात हे बसलं होतं. आज्याच्या वेळी जे टिकत होतं ते आता का टिकू नये?

प्रोजेक्टचा विषय मी स्वच्छ अक्षरात लिहून नेला: बारा बोअरच्या काडतुसाची टिकाऊ, पुन्हा वापरता येणारी पुंगळी, रचना आणि चाचणी. गाइड सरांनी तो सगळ्या वर्गासमोर मोठ्याने वाचला.

"शिकून डाकू व्हायचंय का तुला?"

वर्ग हसला.

"शेतकऱ्याचा मुलगा ना तू? पेरणीयंत्र घे. फवारणीचा पंप घे. शेतीचं काहीतरी घे."

"सर, हे शेतीचंच आहे. मले..."

'मला' म्हणायचं होतं. घाबरलो की माझ्या तोंडून घरचंच निघतं. सर पुण्याकडचे. त्यांनी 'मले' परत म्हणून दाखवलं, माझ्यापेक्षा लांबवून. त्या दिवसापासून मागच्या बाकावरची पोरं मला त्याच नावाने हाक मारायला लागली. त्यांतले दोघे आमच्याच जिल्ह्यातले, घरी जाऊन तेही 'मले'च म्हणतात. मला सरांपेक्षा त्यांचा राग जास्त आला, आणि तो अजून गेलेला नाही.

विषय शेवटी मिळाला, पण अटींवर. बंदुकीची दारू आणायची नाही, ती पेटवणारी ठिणगीची टोपी आणायची नाही, बार काढायचा नाही. फक्त रिकाम्या पुंगळीचा अभ्यास. मला तेवढंच हवं होतं. मला पाहायचं होतं की ती आधी कुठे मरते.

बाबा पुंगळ्या पत्र्याच्या डब्यात ठेवतात. तेव्हा सोळा होत्या. मी नऊ मागितल्या. बाबांनी एकेक हातात घेऊन माझ्या पिशवीत टाकली आणि म्हणाले, "मोजून नेऊन राह्यला तशा मोजून आण."

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लेथवर एक मामा आहेत, निवृत्तीला आलेले. त्यांनी मला हॅक्सॉ दिली आणि पुंगळी कशात धरायची ते दाखवलं. मी एकेक पुंगळी उभी कापली, शेंगेसारखी दोन फाकांत. आत सगळं दिसत होतं. तोंडाशी जिथे प्लॅस्टिकच्या पाकळ्या घडी घालून मिटवलेल्या असतात तिथे घडीच्या रेषा पांढऱ्या पडल्या होत्या, आणि चीर बरोबर त्याच रेषेवरून खाली उतरली होती. बुडाची टोपी आणि प्लॅस्टिक जिथे मिळतात तिथेही सांधा सैल झाला होता. आज्याच्या पुंगळीला सांधाच नाही. तिचं दुखणं एकाच जागी, तोंडाशी.

मग मी चित्र काढलं. अंग एकसंध धातूचं, बुडाशी जाड, वर जाताना पातळ. तोंडाला वेगळी कडी, झिजली की तेवढीच बदलायची. आमच्याकडे खुरप्याची मूठ झिजली तर कोणी पातं फेकत नाही, तसंच हे. मामांनी लेथवर नमुना काढून दिला. तोंड उघडमीट करायला मी लाकडी खुंटीचं एक साधं यंत्र बनवलं. प्लॅस्टिकची तोंडं एकामागून एक चिरत गेली. माझी कडी टिकली. मी दुपारभर तो दांडा दाबत बसलो होतो आणि मला भूक लागल्याचंही कळलं नाही.

"इंजिनिअर साहेब," मामा म्हणाले, "पुंगळी तं टिकंल हो. पण टिकलेल्या पुंगळीचं सरकारनं काय करावं?"

मी हसलो. वाटलं, मामा गंमत करतात.

दसऱ्याला घरी आलो तेव्हा मी प्रत्येक पुंगळीच्या दोन फाका जुळवून त्यांना चिकटपट्टी लावली होती. नऊच्या नऊ. वरून पाहिलं तर अख्ख्या वाटत. शेळीने चावलेली चालते, मग ही का चालू नये, असं मी मनात धरलं होतं. बाबांना मी काहीच सांगितलं नाही असं नाही. ते गाडीवरून चाऱ्याचा भारा उतरवत होते. मी म्हणालो, "बाबा, थोड्या कापल्या आहेत."

"मोजून हायेत ना?"

"हाव."

"ठेव मंग डब्यात."

एवढंच. मला अजून एक वाक्य बोलता आलं असतं. ते मी बोललो नाही.

दसऱ्यानंतर हरभरा पेरायचा होता, त्याआधी बाबांना काडतुसं हवी होती. मीही सोबत गेलो. मेहकरहून एसटीने बुलढाण्याला. दुकानदाराने कापडाची पुरचुंडी सोडली, एक पुंगळी उचलली आणि चिकटपट्टी सुटून तिच्या दोन फाका काउंटरवर पडल्या.

"काय हो काका, शेंगा सोलून आणल्या का?"

तो हसला. मग दुसरी उचलली. तिसरी उचलली. हसणं थांबलं.

"काका, शेळीनं खाल्लेली मी घेतली. ते कोणालेबी दाखवता येते. हे हॅक्सॉनं कापलेलं हाय, सरळ रेघ हाय. कोणी आत पाह्याले कापलं, काऊन कापलं, उद्या मले इचारलं तं मी काय सांगू?"

"त्या मी..." मी सुरुवात केली. बाबांनी काउंटरखाली माझं मनगट धरलं. जोरात. नांगर धरणारा हात आहे तो. तेव्हा मला वाटलं बाबा घाबरले.

दुकानदार वाईट माणूस नव्हता. त्याने आम्हाला चहा पाजला. पण त्याने आपल्या वहीत लिहिलं आणि ठाण्याला कळवलं. दुसऱ्या दिवशी आमच्या ठाण्यातून निरोप आला, बंदूक घेऊन या. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची असते, पावती मिळते, निकाल लागला की परत. मायला वाटलं तसंच काही असेल. तिने बंदूक पुसून, जुन्या लुगड्यात गुंडाळून दिली.

ठाण्यात हवालदाराने कागद पुढे ओढला तेव्हा बाबा मला म्हणाले, "जा, लायसनची झेरॉक्स काढून आण."

चौकात वीज गेली होती. वाट पाहून झेरॉक्स घेऊन परत आलो तोवर जबाब लिहून झाला होता. बाबा सही करत होते, त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने, एकेक अक्षर दाबून.

"काय लिहिलं?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"जे झालं ते."

मला वाटलं, मग सोपं आहे. जे झालं ते लिहिलंय, तर कॉलेजचं पत्र जोडलं की बंदूक सुटेल. विद्यार्थ्याने अभ्यासासाठी कापल्या, अमुक विभाग, अमुक प्रकल्प. दीड ओळीचं पत्र. ते मिळवायला मला तीन आठवडे लागले. गाइड सर म्हणाले विभागप्रमुखांना भेट. विभागप्रमुख म्हणाले, "संस्थेला यात गोवू नका." मी म्हणालो, विषय तुमच्याच सहीने मंजूर झाला आहे. ते म्हणाले, "आवाज खाली." माझा आवाज वर गेलेला नव्हता. मी रोज सकाळी त्यांच्या दारात उभा राहायचो. शेवटी कंटाळून त्यांनी पत्र दिलं, तेही टेबलावरून सरकवून, हातात नाही.

बाबांनी ते पत्र दोनदा वाचलं. घडी घातली आणि रेशनकार्डाच्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवलं.

"देतो," म्हणाले.

दिलं नाही. दर रविवारी फोनवर मी विचारायचो आणि ते म्हणायचे, देतो. तिकडे हरभरा वर आला आणि रोही दिवसा यायला लागली. जणू त्यांना खबर लागली होती. घरी गेलो तेव्हा मी स्वतः पाहिलं. बाबा स्लॅबवर उभे राहून डबा बडवत होते. तोच पुंगळ्यांचा डबा, आता रिकामा. कडुनिंबावर वानरं निवांत बसून त्यांच्याकडे पाहत होती. ज्याच्या शेतात बाबा कित्येक वेळा बोलावल्याबरोबर धावले, तो शेजारी बांधावरून ओरडला, "काय हो, रोह्याची आरती करून राह्यले का?"

बाबा हसले. खरंच हसले. मला ते हसणं सहन झालं नाही.

जेवायला बसल्यावर मी बोललो. "पत्र काऊन देत नाही तुम्ही? तुमाले माह्या कॉलेजची लाज वाटते का?"

"तुही परीक्षा हाय ना? अभ्यास कर."

"तुम्ही हवालदाराले भेता. साहेबाले भेता. दुकानदाराले भेता. अशा भित्र्या माणसाले बंदूक पाह्यजे कायले?"

मायचा भाकरी थापणारा हात थांबला. बहिणीने माझ्याकडे पाहिलं, मग मायकडे, मग ताटाकडे. बाबांनी घास संपवला, हात धुतला आणि बैलाला पाणी दाखवायला गेले. मी जे बोललो ते इथे जसंच्या तसं लिहिलं आहे. कमी केलेलं नाही.

मग मी ठरवलं, आपणच जायचं. बुलढाण्याला कलेक्टर ऑफिसात शस्त्र परवान्याची शाखा शोधली. नमुना नेला नाही, तेवढी अक्कल आली होती. फक्त चित्रं आणि पत्राची झेरॉक्स. टेबलावरच्या बाबूंनी चित्रं मात्र नीट पाहिली. तोंडाच्या कडीवर पेन ठेवून विचारलं, "ही बदलता येते?"

"हो सर."

"म्हणजे ही पुंगळी परत येणारच नाही."

"वर्षानुवर्षं नाही, सर. तेच तर..."

"मग आमच्या रकान्यात काय भरायचं? जमा पुंगळ्या, शून्य. गेल्या कुठे? कोणाकडे? बाळा, पुंगळी खराब होते म्हणूनच ती मोजता येते."

मला एकदम मामा आठवले. इतके दिवस मी तोंडाच्या चिरेचा अभ्यास करत होतो आणि सगळा कारभार त्या चिरेवर चालला होता. टिकणारी वस्तू बनवावी म्हणून मी न टिकणाऱ्या नऊ कापल्या, आणि त्या न टिकणाऱ्याच आमच्या बंदुकीचा आधार होत्या. मला हसूही आलं नाही. टेबल उलथवावंसं वाटलं. मी ते केलं नाही, कारण माझ्यासारखी मुलं टेबलं उलथवत नाहीत, त्यांना पुन्हा त्याच टेबलासमोर यावं लागतं.

मी झेरॉक्स पुढे केली. बाबूंनी कपाटातून फाईल काढली, दोन पानं उलटली. "असलं काही पत्र यात नाही." मग त्यांनी माझं नाव पुन्हा विचारलं. बाबांचं नाव फाईलमध्ये पाहिलं. चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले.

"तू कापल्यास?"

"हो सर. मीच."

त्यांनी फाईल मिटली. झेरॉक्स माझ्या हातात परत दिली. "हे मी ऐकलं नाही. घरी जा. अभ्यास कर."

बाबांचेच शब्द. मी बसस्टँडवर उभा राहून सगळ्यांना शिव्या दिल्या, मनातल्या मनात. बाबूंना, सरांना, दुकानदाराला. सगळ्यात जास्त बाबांना. एक पत्र द्यायला हा माणूस इतका घाबरतो, आणि ह्याच्यासाठी मी दारोदार फिरतो.

परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांना पुंगळी आवडली. त्यांनी कडी फिरवून पाहिली, मामांचं काम पाहून वा म्हणाले. तेव्हा गाइड सर पुढे आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी फोटो काढून घेतला. "आमच्याकडे ग्रामीण समस्यांवर भर असतो," ते म्हणाले. ज्यांनी दीड ओळीचं पत्र अडवलं ते विभागप्रमुखही फोटोत आले. मी फोटोत हसलो नाही. मामांना कोणी बोलावलं नाही.

वसतिगृहात येऊन मी बॅग भरत होतो तेव्हा फोन वाजला. बहिणीने एका कागदाचा फोटो पाठवला होता. बुलढाण्याचा आदेश. खाली तिने लिहिलं होतं, "बाबांनी तुला सांगू नको म्हटलं होतं. पण तू त्यांना भित्रा म्हणालास तेव्हापासून मला राहवत नाही. त्या दिवशी हवालदार बाबांना म्हणाला, पोराचं नाव लिहिलं तर विनापरवाना पुंगळ्या बाळगल्या म्हणून केस त्याच्यावर होईल, पुढे नोकरीच्या पडताळणीत अडकेल. पत्र दिलं असतं तरी तेच झालं असतं. मायलाही माहीत होतं."

मी फोटो मोठा करून वाचला. परवानाधारकाने आपल्या जबाबात कबूल केलं आहे की घराच्या छपरावरील पत्र्यांच्या खिळ्यांखाली लावण्यास पट्ट्या हव्या होत्या, म्हणून नऊ पुंगळ्या त्याने स्वतःच्या हाताने कापल्या. यात अन्य कोणाचाही संबंध नाही. सबब परवाना रद्द करण्यात येत आहे, आणि बंदूक परत मिळणार नाही.

आमच्या घराला स्लॅब आहे. छपरावर एकही पत्रा नाही. पाहायला कोणी आलंच नाही.